साहेबाची पहिली शिकवणी

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यात नवा सुपरवायझर आला की त्याची पारख फार लवकर होते. तो हुकूम सोडतो मराठीत. कामगार आपसात बोलतात तेलुगूत. कुठे कन्नड, कुठे दखनी. पण एखादा आठ दिवसांत जुन्या विणकराला ‘तिन्नारा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ एवढं विचारायला शिकतो. त्याने त्याच्या पाळीत सूत कमी तुटतं असं नाही. मात्र तुटलेलं सूत त्याच्यापासून कुणी लपवत नाही.

माणसं सांभाळण्याची ही रीत या गावातल्या एका मुलाने चीनमध्ये जाऊन पाळली. भैय्या चौकात ज्यांचं घर आज स्मारक म्हणून उभं आहे, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मुळे त्यांचा त्याग घरोघरी पोहोचला, पण त्या त्यागाखाली एक साधी गोष्ट झाकली गेली. तिशीतला हा तरुण एका रुग्णालयाचा प्रमुख होता.

१९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. जपानशी युद्ध चालू होतं. पथकातले बहुतेक जण परतले, कोटणीस राहिले. जानेवारी १९४१मध्ये त्यांच्याकडे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय सोपवलं गेलं. ज्यांचं नाव त्या रुग्णालयाला होतं, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना बोट कापून, जखम चिघळून गेले होते. सगळ्यांच्या लाडक्या माणसाच्या खुर्चीत बसायचं, तेही परक्या देशाच्या, वेगळ्या वर्णाच्या पोरसवदा डॉक्टरने. बदली होऊन आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला यातली अडचण समजेल.

खुर्ची हाती येण्याआधीच त्यांनी चिनी भाषा धरली होती. नुसती बोलण्यापुरती नव्हे. ते चिनीत वर्ग घेऊ लागले, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही चिनीत लिहायला घेतलं. मधे दुभाष्या असला की साहेबाचा निरोप खाली पोहोचतो, पण खालची शंका वर येत नाही. आणि हाताखालच्या नवशिक्याने शंका गिळली, तर रुग्णालयात त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘शिकवत बसण्यापेक्षा मीच करून टाकतो’ हे आपल्या कचेऱ्यांतल्या कामसू वरिष्ठांचं ठरलेलं वाक्य. अशा माणसाच्या रजेत टेबल बंद पडतं, आणि तो तेही कौतुकाने सांगतो! कोटणीसांना हे म्हणायचा हक्क नक्कीच होता. १९४०मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. तरीही रुग्णालयाच्या जोडीला असलेल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत राहिले. जखमींची रांग एका सर्जनच्या दोन हातांनी संपणारी नव्हती. आणखी हात तयार करणं हेही कामच होतं.

सैनिक त्यांना ‘लाओ के’ म्हणत, म्हणजे आपला जुना के. ‘के तीहुआ’ हे त्यांचं चिनी नाव. लोकांनी दिलेलं दुसरं नाव मराठीत आणलं तर ‘काळी आई’ असं होतं. रंगावरूनच दिलेलं, पण मायेचं. आपल्याकडे काळी आई म्हणजे जमीन. हे त्या गावकऱ्यांना कुठून ठाऊक असणार!

एका बाबतीत मात्र त्यांचा कित्ता गिरवू नये. त्यांना अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्या म्हणणारे होते, त्यांनी घेतली नाही. रजा न घेणाऱ्या साहेबाचं आपण निरोपसमारंभात फार गुणगान करतो. ऐकणारी तरुण मंडळी त्यातून एवढंच उचलतात, की आजारी असल्याचं सांगायचं नसतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय ३२. पत्नी क्वो छिंगलान, मुलगा यिनहुआ जेमतेम साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेचं ते पुस्तक पुरं झालंच नाही.