पिस्टनचा सरासरी वेग : खडकी ते चाकण, सहा दशकांचा मागोवा

इंजिनाची ताकद अश्वशक्तीत आणि त्याची गती मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत सांगण्याची पद्धत रूढ असली, तरी इंजिनाच्या आतले भाग किती ताण सोसत आहेत हे या दोन्ही आकड्यांवरून कळत नाही. ते कळते पिस्टनच्या सरासरी वेगावरून. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे स्ट्रोकच्या, अर्थात एका बाजूच्या धावेच्या, दुप्पट अंतर कापतो. म्हणून मिलिमीटरमधील स्ट्रोकला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ३०,००० ने भागले की सेकंदाला किती मीटर हा वेग मिळतो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यापासून भोसरी, पिंपरी, आकुर्डी आणि पुढे चाकण या पट्ट्याने जी वाटचाल केली, तिचा मागोवा या एका आकड्याच्या आधारे घेता येतो.

आरंभासाठी पट्ट्याच्या शेजारचे, खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे ‘एव्ही १’ हे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन घेणे योग्य ठरते. विहिरीवरच्या पंपाला जोडलेल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हाताळलेल्या या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर आणि गती मिनिटाला १५०० फेरे. तेव्हा त्याच्या पिस्टनचा वेग सेकंदाला ५.५ मीटर भरतो. हा वेग कमी ठेवलेला आहे तो हेतुपुरस्सर, कारण शेतात तासन्‌तास न थांबता चालणे हेच त्याचे काम होते. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने आणलेल्या चेतक स्कूटरच्या दोन स्ट्रोकी इंजिनात बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५७ मिलिमीटर होते, आणि मिनिटाला ५००० फेरे धरले तर तिचा पिस्टन ९.५ मीटरपर्यंत पोहोचत होता. आकुर्डीच्याच बजाज टेम्पोने पुढे मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, ९२.४ मिलिमीटर स्ट्रोकचे हे मूळ जर्मन इंजिन ४४०० फेऱ्यांना साडेतेरा मीटरचा वेग गाठत असे.

या वाढीची किंमत सरळ प्रमाणात मोजावी लागत नाही. धावेच्या प्रत्येक टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलट दिशेने निघतो, आणि त्यामुळे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा ताण, आकारमानाचे प्रमाण व धातू तोच असेल तर, वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे साडेपाचवरून साडेतेरावर जाताना हा ताण सुमारे सहापट होतो. पुण्यात घडलेल्या आणि १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेल्या टाटा इंडिकाच्या १४०५ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनात स्ट्रोक ७९.५ मिलिमीटर होता, कमाल शक्ती ५५०० फेऱ्यांना मिळत होती आणि त्या वेळी पिस्टनचा वेग १४.६ मीटर होता, जो त्या काळच्या डिझेलसाठी खरोखर मोठा होता; धावेच्या वरच्या टोकाला पिस्टनचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या १३०० पटींहून अधिक भरत असे.

अशा वेगाला पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत टिकवायची ती तेलाच्या पातळ थराने, आणि तो थर टिकतो होनिंगमुळे. बोअर झालेल्या लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, घासदगड गोल फिरवत खालीवर नेला की आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटतात; त्या अति उथळ राहिल्या तर तेल धरत नाहीत, अति खोल गेल्या तर इंजिन तेल पिऊ लागते, आणि या दोहोंमधले अंतर मायक्रॉनमध्ये मोजायचे असते. भोसरीसारख्या वसाहतीत ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंगची जॉबची कामे करणाऱ्या लहान कारखान्यांचे कसब पिस्टनच्या वाढत्या वेगाबरोबर अधिकाधिक कसाला लागले, आणि या उद्योगाच्या इतिहासात मोठ्या नावांच्या सावलीत राहिलेल्या त्या कामाला अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही.

यापुढची झेप दुचाकींनी घेतली. चाकणला तयार होणाऱ्या, २०१२ मध्ये आलेल्या केटीएम २०० ड्यूकचा स्ट्रोक ४९ मिलिमीटर आणि कमाल शक्तीची गती १०,००० फेरे, म्हणून वेग १६.३ मीटर, पुढच्याच वर्षीच्या ३९० ड्यूकची गती त्याहून कमी, ९५०० फेरे, पण स्ट्रोक ६० मिलिमीटर असल्याने वेग मात्र १९ मीटर. केवळ फेरे मोजणाऱ्याला पहिले इंजिन अधिक ताणलेले वाटेल, प्रत्यक्षात अधिक ताणलेला असतो तो दुसऱ्याचा पिस्टन. फॉर्म्युला वनच्या आठ सिलिंडरी इंजिनांनी १८,००० फेऱ्यांना सुमारे २४ मीटर गाठले, पण ती मोजक्याच शर्यतींपुरती टिकण्यासाठी घडवलेली इंजिने होती.

मोटारींच्या बाबतीत मात्र हा आलेख सपाट झाला आहे. २०२१ च्या स्कोडा कुशाकसाठी चाकणला तयार होऊ लागलेल्या ९९९ घनसेंटिमीटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा स्ट्रोक ७६.४ मिलिमीटर आहे आणि ५५०० फेऱ्यांना त्याचा वेग १४ मीटर, म्हणजे इंडिकाहून किंचित कमीच. तरीही इंडिकाची शक्ती सुमारे ५३ अश्वशक्ती होती आणि याची ११५ आहे. हा फरक पडला तो माध्य परिणामी दाबामुळे, म्हणजे पिस्टनला ढकलणाऱ्या वायूच्या सरासरी दाबामुळे, जो इंडिकात सहा बारच्या आसपास होता आणि येथे अठरा बारच्या पुढे आहे. त्यामुळे पिस्टनचा वेग हे कामगिरीचे संपूर्ण माप मानणे चूक आहे. तो इंजिनाच्या सहनशक्तीची सीमा दाखवतो, आणि त्या सीमेच्या आत किती शक्ती काढली हे दाबावरून ठरते. वाहन कंपन्यांनी माहितीपत्रकात अश्वशक्तीच्या शेजारी बोअर आणि स्ट्रोकही न चुकता छापावेत, म्हणजे हा हिशेब ग्राहकाला स्वतः करता येईल.