कडक स्प्रिंग, दुखरी कंबर

नांदेडहून निघालेली गाडी लोहा, अहमदपूर, चाकूर करत महामार्गाने लातूरकडे सुरळीत येते. खरी परीक्षा फाट्यावरून आत वळल्यावर सुरू होते. पाणंद लागली की पाच मिनिटांत मागच्या सीटवरून आजीचा आवाज येतो, ‘बाबा, हळू घे, कंबर मोडली माझी!’ पुढच्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये जाते. ‘खाली घासतेय, स्प्रिंगमध्ये रबर बसवा,’ असे मालक सांगतो. पिकअप असेल तर ‘एक पाटा वाढवा’ म्हणतो. गाडी उंच होते, घासणे थांबते. आजीची कंबर मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागते.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांकडे पाहावे. आपल्या देशात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी अशा गाड्या स्वतः बनवतात. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. एका माणसाची उघडी गाडी, समोर खड्डे, उंचवटे, ओंडके, आणि शेवटी चार तासांची शर्यत. रस्ता एवढा खराब, म्हणजे स्प्रिंगही तेवढीच कडक हवी, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात नियम उलटा आहे. गाडी तळाला आपटणार नाही एवढी ताकद ठेवून, त्यात बसेल तितकी मऊ स्प्रिंग घ्यायची आणि चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा द्यायची. कारण साधे आहे. कडक स्प्रिंगवरचे चाक उंचवट्यावरून उडते, आणि हवेतले चाक ना वळते, ना ब्रेक मानते.

मऊ म्हणजे नेमकी किती, हे हिशेबाने ठरते. स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडला. त्यातूनच एक सोपे गणित निघते. गाडीच्या नुसत्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबली, तर गाडी सेकंदाला १ हेलकावा घेते. सुमारे ६ सेंटीमीटर दबली तर २, आणि जेमतेम १ सेंटीमीटर दबली तर ५ हेलकावे. म्हणजे स्प्रिंग जितकी कडक, तितके धक्के जलद. समजा, मातीवरच्या गाडीत एका चाकावर ६० किलो भार आहे आणि सेकंदाला २ हेलकावे हवेत. मग चाक १ सेंटीमीटर वर ढकलायला सुमारे १० किलोचा जोर लागेल, अशी रचना करावी लागते. त्यातही स्प्रिंग थेट चाकावर नसते, मधल्या दांड्यावर असते. चाक २ सेंटीमीटर हलल्यावर स्प्रिंग १ सेंटीमीटरच दबत असेल, तर स्प्रिंग चौपट कडक घ्यावी लागते. ‘दुसऱ्या गाडीची बसते का बघा’ हा उपाय इथेच फसतो.

स्प्रिंगच्या घडणीतला छोटा बदलही मोठा परिणाम करतो. तार फक्त १० टक्के जाड घेतली, तर बाकी मापे तीच असूनही स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. ८ वेढ्यांतले २ कापले, तर ती एक तृतीयांशाने कडक होते. वेढ्यांमध्ये रबर अडकवले की तेवढे वेढे दबत नाहीत, म्हणजे परिणाम वेढे कापल्यासारखाच. पाटा वाढवला तरी तेच. शिवाय पाटा भरल्या गाडीसाठी वाढवलेला असतो. परतताना रिकामी गाडी त्याच कडक पाट्यांवर उडत येते.

आता आपल्या शरीराकडे येऊ. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो. याला अनुस्पंदन म्हणतात. बसलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्याचीही अशी एक लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ६ कंपनांची. या लयीत सीट हादरली, तर कण्याला बसणारा हादरा सीटपेक्षाही मोठा होतो. चांगली मोटार सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांवर ठेवलेली असते, ती या लयीपासून दूर राहावी म्हणून. स्प्रिंग कडक करत गेलो, की आपण गाडीला त्या लयीच्या जवळ नेतो. वर्षानुवर्षे असे हादरे सोसणाऱ्या ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर चालकांत कंबरदुखी जास्त आढळते, ती यामुळेही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना बहुधा स्प्रिंगच नसते. तिथे टायर आणि सीट एवढाच आधार.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे, आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यावरचा रस्ता नीट पाया नसेल तर दरवर्षी वर-खाली होतो. म्हणून गाडीत काय बदलायचे, हे इथे जास्त जपून ठरवायला हवे.

गाडी घासत असेल, तर आधी स्प्रिंग थकली आहे का ते तपासा आणि कंपनीच्या मापाचीच नवी घाला. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. ती एक-दोनदा हलून थांबायला हवी. डुलतच राहिली, तर दोष शॉकअपचा असू शकतो. स्प्रिंग धक्का साठवते, तो जिरवतो शॉकअप. टायरमध्ये हवा सांगितली तेवढीच भरा, ठरलेल्या भारापेक्षा जास्त लादू नका. ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग चालकाच्या वजनानुसार लावा. पाठ टेकून बसा, तासा-दीड तासाने उतरून चार पावले चाला. लांबच्या प्रवासानंतर लगेच पोती उचलू नका.

कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘कडक करून टाका’ म्हणण्याआधी, मागच्या सीटवर कोण बसणार आहे, हे एकदा आठवा.