क्षमा कोणी कोणाची करावयाची?

बँक ऑफ इंग्लंडने २३ जून २०२१ रोजी पन्नास पौंडांची नवी नोट चलनात आणली. तिच्या एका बाजूस राणीची मुद्रा आणि दुसऱ्या बाजूस ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाचे छायाचित्र आहे. तो दिवस ट्युरिंगच्या जन्माचा होता. ज्या राज्यसंस्थेने आपल्या चलनावर त्याला हे मानाचे स्थान दिले, तिनेच १९५२ साली त्याला गुन्हेगार ठरविले होते.

ट्युरिंगचा जन्म १९१२ मध्ये लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर होते. त्यामुळे मुलाचे बालपण आईबापांपासून दूर, इंग्लंडातच गेले. केंब्रिज येथे असताना, १९३६ साली, त्याने एक शोधनिबंध लिहिला. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या कारकुनाला लावीत असत. असा कारकून नेमके काय करतो, याचे ट्युरिंगने पृथक्करण केले. तो एका वेळी एक चिन्ह पाहतो, ठरलेल्या नियमानुसार ते खोडतो किंवा बदलतो आणि पुढल्या चौकोनाकडे वळतो. एवढेच करणारे यंत्र कल्पिता येते, आणि अशा प्रत्येक यंत्राचे नियम वाचून त्याची नक्कल करील असे एकच सर्वसमावेशक यंत्रही कल्पिता येते, हे त्याने दाखवून दिले. यंत्र तेच, आज्ञावली निराळी. आजच्या कचेरीतील संगणकाचे मर्म यापलीकडे फारसे नाही. यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न त्याने १९५० मध्ये गांभीर्याने मांडला, तोही आज नव्याने चर्चिला जात आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन नौदलाचे 'एनिग्मा' यंत्रावरील सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम त्याच्याकडे आले. पाया पोलिश गणितज्ञांनी घातला होता, हे विसरता कामा नये. परंतु अटलांटिकमधील पाणबुड्यांचा ठावठिकाणा कळणे हा ब्रिटनच्या दृष्टीने अन्नधान्याचाच प्रश्न होता, आणि तो सोडविण्यात ट्युरिंगचा वाटा फार मोठा होता. मात्र हे कार्य गुप्त राहिले; त्याची वाच्यता १९७० नंतरच होऊ लागली.

१९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. तक्रार घेऊन तो स्वतःच पोलिसांकडे गेला. चौकशीत एका तरुणाशी असलेले आपले संबंध त्याने लपविले नाहीत. चोरी बाजूस राहिली आणि फिर्यादीच आरोपी झाला! पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध, ते खाजगी व परस्परसंमतीचे असले तरीही, १८८५ च्या कायद्याने गुन्हा होते. ऑस्कर वाइल्डला तुरुंगात धाडणारा कायदा तोच. युद्धकाळातील सहकारी ह्यू अलेक्झांडर यांनी ट्युरिंग ही राष्ट्राची ठेव असल्याची साक्ष दिली, पण ती ठेव कशी, हे गुप्ततेमुळे न्यायालयात उघड सांगण्याची सोय नव्हती. तुरुंगाऐवजी त्याने वर्षभर स्त्री-संप्रेरकांचे उपचार पत्करले. कामवासना मारण्यासाठी दिलेल्या त्या औषधाने त्याच्या शरीराची विटंबना झाली. सरकारी गुप्त कामाची दारेही बंद झाली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने तो मरण पावला, तेव्हा तो केवळ ४१ वर्षांचा होता. चौकशीचा निर्णय आत्महत्येचा होता; काही अभ्यासक मात्र अपघाताची शक्यता नाकारीत नाहीत.

पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००९ मध्ये या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शिक्षा माफ करण्यास मात्र सरकारने २०१२ मध्ये नकार दिला. तत्कालीन कायद्यानुसार शिक्षा रीतसरच झाली होती, हे कारण! कायदेपंडितांच्या दृष्टीने ते बिनचूकही असेल. अखेर २४ डिसेंबर २०१३ रोजी राणीने क्षमा केली. पण युद्ध जिंकण्यास ज्यांचा हातभार लागला नाही अशा, त्याच कलमाखाली चिरडल्या गेलेल्या हजारो सामान्यांचे काय? त्यांच्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. १९७४ मध्ये शिक्षा झालेले जॉर्ज मॉन्टेग्यू यांनी तर ही माफी स्वीकारण्यासच नकार दिला. क्षमा स्वीकारणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे त्यांचे म्हणणे होते. क्षमा करणे आणि क्षमा मागणे यांतील अंतर त्या वृद्ध गृहस्थांनी अचूक ओळखले होते.

भारतीय दंडविधानाचे १८६० चे ३७७ वे कलमही ब्रिटिशांचीच देणगी. राणीच्या क्षमेच्या अवघे तेरा दिवस आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवून पुन्हा जिवंत केले होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झाले. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी क्षमा करण्याची भाषा वापरली नाही. या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानेच माफी मागितली पाहिजे, असे त्यांनी लिहिले.