संमोहन, मोहिनी आणि भूल

जबलपूरच्या मराठी घरातील एखादा मनुष्य शस्त्रक्रियेनंतर ‘मला भूल दिली होती’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या हिंदीभाषक शेजाऱ्यास क्षणभर अर्थबोध होत नाही. हिंदीत भूल म्हणजे चूक किंवा विस्मरण. मराठीत मात्र रानात वाट चुकविणारी भूल, रूपाची पडणारी भूल आणि वैद्यकातील भूल यांना एकच शब्द पुरतो. संमोहनाचे स्वरूप समजून घेताना हा शब्द विशेष उपयोगी पडतो. संमोहनाची शक्ती कोणाची, मोहविणाऱ्याची की मोहित होणाऱ्याची, या प्रश्नाचे उत्तर आपण शब्द निवडतानाच नकळत देऊन बसतो.

आपल्या वाङ्मयाने हे उत्तर बहुधा मोहविणाऱ्याच्या बाजूने दिले आहे. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात विदर्भाकडे निघालेल्या अजाला नर्मदेच्या काठी प्रियंवद गंधर्वाकडून संमोहनास्त्र प्राप्त होते. सातव्या सर्गात तो ते योजतो आणि शत्रूचे सैन्य जागच्या जागी निद्रिस्त होते. या अस्त्राने शत्रूची हिंसा न होता विजय मिळतो, हा त्याचा विशेष. तथापि ते अस्त्रच आहे. ज्याच्यावर ते सुटते, त्याच्या मनाला तेथे काही कर्तृत्व नाही. ‘मोहिनी घालणे’, ‘वशीकरण’ हे आपले नित्याचे प्रयोगही त्याच कल्पनेचे वारसदार होत.

युरोपातही आरंभीची कल्पना याहून फार निराळी नव्हती. आपल्या देहातून एक सूक्ष्म प्रवाह रुग्णाच्या देहात जातो, असे मेस्मर मानीत असे. १७८४ साली पॅरिस येथे नेमलेल्या, फ्रँकलिन व लाव्हाझिए ज्यात होते अशा मंडळाने या मताची परीक्षा केली. प्रवाह सोडल्याची समजूत असली की न सोडताही परिणाम दिसे. तशी कल्पना नसली की तो दिसत नसे. परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा निष्कर्ष मंडळाने काढला.

तरीही प्रवाहाची कल्पना टिकून राहिली, आणि तिचा एक मोठा प्रयोग भारतभूमीवर झाला. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने एका बंदिवानावर हा प्रयोग करून शस्त्रक्रिया केली. पुढे त्याने अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला व्हावयाचा होता तो १८४६ साली, आणि क्लोरोफॉर्म आले १८४७ साली. त्यापूर्वी वेदना हरण करणारे असे साधन मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु पहिला रुग्ण बंदिवान होता आणि शल्यविशारद राज्यकर्त्यांपैकी होता, हे विसरता येत नाही. यश मिळाले तर ते एस्डेलच्या शक्तीचे. आणि रुग्णाकडे पाहायचेच झाले, तर त्यात ‘नेटिवां’च्या दुर्बल प्रकृतीचा पुरावा शोधायचा, अशी त्या काळची दृष्टी होती. वेदना ज्याने सहन केली, त्याच्या मनाचे सामर्थ्य कोणाच्या हिशेबात आले नाही.

हा हिशेब मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने बदलावयास आरंभ केला. प्रवाह नाकारून त्याने एकाग्र दृष्टी व एकाग्र चित्त यांना कारण मानले, आणि १८४३ च्या ग्रंथात निद्रावाचक ग्रीक शब्दावरून या अवस्थेस ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. ही अवस्था निद्रा नसून मन एकाच कल्पनेवर स्थिरावण्याची आहे, असे त्याला पुढे जाणवले. पण शब्द एव्हाना रुजला होता.

आजचे ज्ञान ब्रेडच्या या दुसऱ्या विचाराशी जुळते. संमोहित मनुष्य झोपलेला नसतो. तो ऐकतो, बोलतो, आणि बहुधा सर्व स्मरतोही. अवधान एका बिंदूवर येते, भोवतालची जाणीव मागे सरते आणि सूचना ग्रहण करण्याची क्षमता वाढते. स्नायू सैलावतात, श्वास संथ होतो. ही ग्रहणशीलता सर्वांत सारखी नसते. तिच्या मोजमापासाठी स्टॅनफर्ड येथे १९५९ साली श्रेणी तयार झाली. १९९७ साली माँट्रिअलच्या संशोधकांनी स्वयंसेवकांचे हात वेदना होईल इतक्या गरम पाण्यात ठेवले व वेदनेची अप्रियता वाढविण्याच्या किंवा कमी करण्याच्या सूचना दिल्या. वेदनेच्या भावनिक बाजूशी संबंधित असा मेंदूचा भाग त्यानुसार बदलला. संवेदना नोंदविणाऱ्या भागात मात्र तसा बदल दिसला नाही. पाणी तेवढेच गरम होते. त्याचा जाच निराळा झाला. मँचेस्टर येथेच १९८४ साली आतड्याच्या चिवट विकारावरही या उपचाराचा गुण दिसून आला.

याला मर्यादाही आहेत. संमोहनाने विस्मृत सत्य उकलते, ही समजूत घातक आहे. सूचनेमुळे खोट्या आठवणी निर्माण होतात आणि त्या खऱ्या आठवणींइतक्याच ठाम वाटतात. ते औषधाची जागा घेत नाही. योग्य वैद्याच्या हाती औषधास साहाय्य करते.

आता पुन्हा शब्दाकडे वळू. ‘मोहिनी घातली’ या वाक्यात कर्ता दुसरा असतो. ‘मला भूल पडली’ या वाक्यात अनुभव माझा असतो आणि घालणारा कोणी नसतो. शास्त्राला दीडशे वर्षांनी जे उमगले, ते या दुसऱ्या रचनेच्या अधिक जवळ आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. पहिली रचना मनात धरणारा रुग्ण उपकारक उपचारास भितो, आणि त्याच समजुतीपोटी भोंदूच्या शक्तीपुढे मान तुकवितो. अनुवादकाने व समीक्षकाने हे शब्द योजताना, वेदना सोसणाऱ्या त्या बंदिवानाचे मन वाक्याबाहेर तर राहिले नाही ना, एवढे पाहावे.