पत्नीचा व्हिसा झाला, मुलाचं काय?

अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाच्या मुलाखती भारतात मुख्यतः मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. सांगलीची सून असो की जालंधरची, फाइल घेऊन तिला इथेच यावं लागतं. नवरा तिकडे, बायको-मूल इकडे, अशी वर्षं काढून ही कुटुंबं इथवर पोचलेली असतात. त्या टप्प्यावर मुलाच्या कागदांत निघणारी चूक सगळ्यात क्लेशकारक असते, कारण ती सहज टाळता आली असती.

नवऱ्याने बायकोसाठी अर्ज केला की मूल त्यात आलंच, असं बहुतेक घरांत गृहीत धरलं जातं. हे कधी खरं असतं, कधी नसतं. अर्ज करणाऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे की नागरिकत्व, यावर ते ठरतं. ग्रीन कार्डधारकाने पत्नीसाठी आय-१३० अर्ज भरला, तर २१ वर्षांखालचं अविवाहित मूल त्याच अर्जावर आईसोबत जाऊ शकतं. या वर्गाचं नाव एफ-२ए. त्यात दरवर्षी ठरावीकच व्हिसा दिले जातात, म्हणून दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख आली का, हे पाहत राहावं लागतं. नागरिकाच्या पत्नीला अशी वार्षिक मर्यादा नाही. मात्र तिथे प्रत्येकासाठी वेगळा आय-१३० लागतो. आईच्या अर्जात मुलाचं नाव लिहिलं, म्हणून त्याची फाइल उघडत नाही. अर्ज नवऱ्याऐवजी बायकोने केला, तरी नियम हेच.

घोळ होतो तो मधल्या काळात. ग्रीन कार्डवर असताना नवऱ्याने पत्नीसाठी अर्ज केला, आणि व्हिसा हाती येण्याआधी तो नागरिक झाला. घरात पेढे वाटले जातात. पत्नीचा अर्ज वरच्या वर्गात जातो, तिची रांग संपते. मुलाची मात्र जागाच जाते, कारण या वर्गात आईसोबत जाण्याची सोय नाही. हे लगेच लक्षात आलं, तर नवा आय-१३० भरून मार्ग निघतो. मुलाखतीच्या खिडकीवर कळलं, तर आईपुढे दोनच पर्याय राहतात: मुलाला आजीकडे ठेवून एकटीने जायचं, नाहीतर त्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत स्वतः थांबायचं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, ग्रीन कार्डवर असतानाच मुलासाठीही स्वतंत्र आय-१३० भरावा. वडील नागरिक झाले की तोही वरच्या वर्गात जातो. १ एप्रिल २०२४पासून या अर्जाला ऑनलाइन ६२५ आणि कागदी ६७५ डॉलर पडू लागले. रक्कम लहान नाही, पण इथे काटकसर करू नये.

दुसरा प्रश्न वयाचा. २००२च्या कायद्याने मुलांना मोठा दिलासा दिला. नागरिक आई-वडिलांनी आय-१३० दाखल केला, त्या दिवशीचं मुलाचं वय धरलं जातं. पुढे २१ उलटले तरी बिघडत नाही. ग्रीन कार्डधारकांच्या मुलांचा हिशोब वेगळा आहे. व्हिसा उपलब्ध होतो त्या दिवशीच्या वयातून अर्ज मंजुरीला लागलेला काळ वजा होतो, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत पुढची कारवाई सुरू करावी लागते. यात लग्न आडवं येतं. चांगलं स्थळ आलं म्हणून मुलीचं लग्न उरकलं आणि वडील अजून ग्रीन कार्डवरच असतील, तर तिचा अर्ज रद्द होतो. सावत्र मुलासाठीही अर्ज करता येतो. मात्र आई-वडिलांचं ते लग्न मूल १८ वर्षांचं होण्याआधी झालेलं असावं लागतं.

काही घरांत तर मुलाला या व्हिसाची गरजच नसते. जन्माच्या वेळी आई-वडील विवाहित असतील आणि त्यांतला एक नागरिक असेल, त्याने जन्माआधी एकूण पाच वर्षं अमेरिकेत काढली असतील आणि त्यांतली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची असतील, तर भारतात जन्मलेलं मूलही जन्मतः अमेरिकी नागरिक असतं. त्याची वकिलातीत नोंद करून थेट पासपोर्ट काढायचा असतो. अर्ज भरण्याआधी हे तपासून घ्यावं.

कागदपत्रांत आपल्याकडे नावाचा गोंधळ फार. लग्नानंतर आडनाव बदलतं, कुठे पाळण्यातलं नावही बदलतं. पासपोर्टवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी राहिलेली असते. ही दुरुस्ती पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेळेवर करून घ्यावी. लग्नपत्रिका आणि अल्बम जोडीला ठेवावेत, पण नोंदणी प्रमाणपत्राची जागा ते घेऊ शकत नाहीत.

अर्जदाराचं उत्पन्न सर्वसाधारणपणे तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं. कमी पडलं, तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हमी देऊ शकतो. मात्र सही करणाऱ्या काकांना आधीच नीट सांगा: त्या जोडप्याचा घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही.

नागरिकत्वाची शपथ घ्यायला निघालेल्या प्रत्येक बापाला एकच विनंती. शपथेच्या तारखेआधी फाइल काढा आणि मुलाच्या नावाची वेगळी आय-१३०ची पावती त्यात आहे का, ते पाहा. नसेल तर अर्ज आजच भरा.