संगणकाच्या पोटातले पाणी

विजेजवळ पाणी नेऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओल्या हाताने बटणाला शिवलो, तरी घरची माणसे रागावतात. मग काही हौशी मंडळी आपल्या खेळाच्या संगणकात मुद्दाम नळ्या बसवून पाणी का खेळवतात?

खेळ चालू असताना पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने काढावे लागते. हे काम ग्राफिक्स कार्डावरची चिप करते. २०१७ साली आलेल्या जीटीएक्स १०८० टीआय या कार्डाचेच उदाहरण घ्या. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्याच्या चिपमध्ये सुमारे १२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि कार्डाला २५० वॅटपर्यंत वीज लागते. अशी दोन कार्डे शेजारी शेजारी बसवून काम वाटून देता येई. म्हणजे वीज झाली ५०० वॅट.

ही वीज जाते कोठे? चिप ओझे उचलत नाही की चाक फिरवत नाही. तिने घेतलेल्या जवळजवळ सर्व विजेची उष्णता होते. हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्मी उष्णता एका लहानशा पेटीत! पंखे ती बाहेर फेकतात. पण कार्डे अगदी जवळ असली, की एकाने सोडलेली गरम हवा दुसरे ओढून घेते. फार तापलेली चिप स्वतःचा वेग कमी करते आणि खेळ अडखळू लागतो.

येथे पाणी मदतीला येते. प्रत्येक चिपवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसवतात. लहानसा पंप त्यातून पाणी फिरवतो. चिपची उष्णता तांब्यात आणि तांब्यातून पाण्यात जाते.

आता एक शंका तुमच्या मनात येईल. तेच पाणी पहिल्या कार्डातून दुसऱ्यात गेले, तर दुसऱ्याच्या वाट्याला गरम पाणी नाही का येणार? आपण गणितच करू. समजा, मिनिटाला ४ लिटर, म्हणजे ४ किलोग्रॅम पाणी वाहते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४२०० ज्यूल उष्णता लागते. ४ किलोग्रॅमला १६,८००. पहिले कार्ड मिनिटाला २५० × ६०, म्हणजे १५,००० ज्यूल देते. म्हणून पाणी तापते जेमतेम ०.९ अंशाने! दुसऱ्या कार्डाला फरक जाणवतही नाही. १ लिटर हवा १ अंशाने तापवण्यास मात्र अवघे १.२ ज्यूल पुरतात. पाण्याची उष्णता सामावण्याची शक्ती त्याच्या सुमारे साडेतीन हजारपट आहे.

पण पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते केवळ हमाल आहे. मोटारीत असतो तशा रेडिएटरमध्ये ते आपला भार हवेला देते आणि परत फिरते. खोलीत ४० अंश तापमान असेल, तर हे पाणी ४० अंशांच्या खाली जाणार नाही. शेवटी ते ५०० वॅट खोलीतच येतात.

मूळची भीतीही खोटी नाही. सांधा गळला, तर कार्ड निकामी होऊ शकते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी किंवा खास द्रव वापरतात. त्याच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनिअम एकत्र आले, तर विद्युत घट तयार होऊन ॲल्युमिनिअम झिजू लागते.

घरच्या खेळासाठी दोन कार्डे जोडण्याची पद्धत आता जवळजवळ मागे पडली आहे. उष्णता मात्र तेथेच आहे : २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० हे एकटेच कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेते.

करून पाहा : दोन सारख्या पेल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. एक पेला टेबलावर ठेवा, दुसरा खोलीत तासभर ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यात. पातेल्यातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा फारसे थंड नसते. तरीही कोणता पेला आधी निवतो, आणि का?