शंभर मिनिटांचं पथक आणि बेवारस आवाज

निवडणूक लागली की जिल्हा माहिती कार्यालयातली एक खोली ‘एमसीएमसी’ची होते. पूर्ण नाव माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती; ते उच्चारत बसायला आचारसंहितेच्या धावपळीत कुणाला सवड नसते. समोर टीव्ही, बातम्यांचं रेकॉर्डिंग चालू, पाळीपाळीने बसणारे कर्मचारी. टेबलावर उमेदवारांच्या जाहिरातींचे अर्ज. प्रत्येकासोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, निर्मिती आणि प्रसारणाचा खर्च. उमेदवाराने प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशातून टीव्हीसाठी आलेली ही पद्धत निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींनाही लावली.

व्यवस्था चोख आहे. फक्त जाहिरात करणाऱ्याने आपल्या पायाने त्या खोलीत यायला हवं.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री जे फिरलं, ते असं आलं नव्हतं. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरू होणार होतं. प्रचार आदल्या संध्याकाळीच थांबलेला, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ची ४८ तासांची शांतता चालू. अशात विरोधी पक्षांतल्या सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून काही व्हॉइस नोट बाहेर आल्या. आरोप असा की, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरला. भाजपने त्या आपल्या एक्स खात्यावर टाकल्या. आरोप दोघांनीही फेटाळले. सुळेंनी आयोग आणि सायबर पोलिसांकडे धाव घेतली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने ट्रूमीडियाचं साधन वापरलं, तेव्हा आवाज एआयने बनवल्याची शक्यता पुढे आली. इकडे सुळेंचे चुलतभाऊ अजित पवार म्हणाले की, दोघांबरोबर काम केलंय, आवाज ओळखीचा आहे. यंत्र एक सांगतंय, चुलतभाऊ दुसरं, आणि मतदार तोवर रांगेत.

आवाज तपासणं किचकट असतं. व्हॉट्सॲपवरून फिरताना फाइल आकसते. मागचा पंखा, रहदारी, श्वास यांच्या खुणा पुसट होतात. तपासणारे वाक्यांमधल्या फटी ऐकतात. माणूस दम कुठे घेतोय, सूर फारच सपाट आहे का, एखाद्या शब्दावर आघात उगाच पडलाय का. मग त्याच व्यक्तीचं खरं भाषण शेजारी लावून बघायचं. एवढं करून हाती येते ती शक्यता.

तक्रारीसाठी नागरिकाकडे आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. पैशांचं वाटप, दारू, विनापरवाना फलक दिसला की तिथेच फोटो काढायचा. लोकेशन सोबत जातं, भरारी पथक निघतं, १०० मिनिटांत निपटारा. फोनमध्ये आधीपासून असलेला फोटो त्यात चढत नाही. खोडसाळ तक्रारींना आळा म्हणून हे योग्यच. पण फॉरवर्ड होत आलेल्या आवाजाचं लोकेशन काय देणार? पथकाची गाडी कुठे वळवणार?

आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना बजावलं की, बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. बिहारच्या निवडणुकीआधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एआय मजकुरावर ठळक लेबल सक्तीचं झालं. चित्रात किमान १० टक्के जागा, ध्वनीत सुरुवातीचा १० टक्के वेळ. म्हणजे वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये दोन सेकंद, आणि तेवढे छाटायला फोनमधलं साधं ॲपही पुरतं. शिवाय हे बंधन पक्ष, उमेदवार आणि त्यांच्या प्रचारकांवर. उमेदवार शपथपत्रात स्वतःची समाजमाध्यम खाती लिहून देतो. त्याच्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या वॉर्डातल्या व्हॉट्सॲप गटांसाठी त्या कागदावर रकानाच नाही.